स्वयंपाकघरात गेले आणि कशाला आले तेच विसरले: हे वय की आजार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 51, बँकेत नोकरी. स्वयंपाकघरात जाता आणि कशासाठी आलो तेच आठवत नाही. काउंटरवर नेहमी येणाऱ्या ग्राहकाचं नाव ऐनवेळी सुचत नाही. दोन्ही नंतर आठवतं. गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत फिरता. आणि तरीही आजोबांनी पाठ करून घेतलेली पावकी-निमकी आजही न अडखळता म्हणता येते. आईला सत्तरीनंतर अल्झायमर झाला होता, त्यामुळे मनात धास्ती आहे. शिवाय मुलगा बारावीला आहे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचतो, पण पेपर समोर आला की काही आठवत नाही म्हणतो.

आधी उत्तर देते, मग कारणं. तुम्ही लिहिलेल्या गोष्टींत मला आजाराची खूण दिसत नाही. रक्ताच्या एक-दोन तपासण्या मात्र करून घ्या. त्या कुठल्या ते पुढे येईलच. पण एवढं सांगून थांबले तर तुमची धास्ती जाणार नाही, कारण तुम्ही निरनिराळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्या आहेत. स्मृतीच्या तपासणीला कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गोष्ट डोक्यात शिरलीच नव्हती, शिरली पण टिकली नाही, टिकली आहे पण सापडत नाही, की सापडली पण बदलून सापडली? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा.

स्वयंपाकघराचा प्रकार पहिल्या गटातला. आत्ता, या क्षणी मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता फार थोडी आहे. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये ती साधारण सात गोष्टींची मानली. नंतरच्या अभ्यासांत, जोड्या-गट करायला वाव दिला नाही, तर ती चारच्या आसपास भरली. ओटीपीचे सहा आकडे आपण तीन-तीन करून मनात म्हणतो, टाइप करतो आणि दुसऱ्या मिनिटाला ते गेलेले असतात. ते जायलाच हवेत. कात्री आणायला तुम्ही उठता तेव्हा 'कात्री' हा विचारही त्याच तोकड्या जागेत असतो. वाटेत फोन वाजला, कुकरची शिटी झाली, मुलाने हाक मारली की त्याच्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसतं. खोली बदलल्याने विसरायला होतं असाही एक प्रयोग 2011 मध्ये गाजला होता. पुढे तसेच प्रयोग करून पाहिल्यावर दिसलं, की नुसत्या दारातून जाण्याने फारसं बिघडत नाही. डोक्यात आधीच दोन-तीन गोष्टी घोळत असतील तेव्हा बिघडतं. नोकरी, घर आणि बारावी अशा तिन्ही आघाड्या सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या घोळत नसतील तरच नवल. परत पहिल्या जागी जाऊन उभं राहिलं की बहुतेक वेळा आठवतं, कारण तिथे त्या विचाराला आठवण करून देणाऱ्या खुणा असतात: अर्धवट फाडलेलं पाकीट, समोर ठेवलेला चष्मा.

गॅसचं थोडं निराळं आहे, आणि त्यावर एक फार उपयोगी प्रयोग झालेला आहे. नेदरलँड्समधल्या व्हान डेन हाउट आणि किंट यांनी 2003 मध्ये लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. शेवटच्या खेपेला कोणते बर्नर तपासले हे त्यांना बरोबर सांगता येत होतं, म्हणजे स्मृती अचूक होती. पण ती धूसर झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. जितकं जास्त तपासाल तितकी खात्री कमी होते, असा याचा अर्थ. सारख्याच कृती एकमेकींत मिसळतात. आजचं बटण फिरवणं कालच्या आणि परवाच्या फिरवण्यातून वेगळं काढता येत नाही. म्हणून जिन्यातून परत फिरणं हा त्यावरचा उपाय नाही. निघताना एकदाच, बटणाकडे बघत, मोठ्याने म्हणा: 'मंगळवार, गॅस बंद.' आजच्या कृतीवर आजची खूण बसली की ती इतर दिवसांत हरवत नाही. मी कित्येकांना हे करायला सांगते आणि ते चालतं.

आता पावकी-निमकी पक्की आणि कालचं मात्र पुसट, हे कसं? इथे हेन्री मोलेझन यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण स्मृतीबद्दल आज आम्ही जे बोलतो त्याचा पाया या एका माणसाने घातला, आणि त्याला स्वतःला ते कधी लक्षात ठेवता आलं नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये 1953 साली, ते 27 वर्षांचे असताना, औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानशिलाच्या आतल्या अंगाचा भाग काढला. हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराचसा हिस्सा त्यात गेला. झटके कमी झाले. बुद्धी शाबूत राहिली, बोलणं-चालणं नीट, बालपणीच्या आठवणी जागेवर. पण त्या दिवसानंतर नवं काही टिकेना. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, तरी प्रत्येक भेट त्यांच्यासाठी पहिलीच असे.

मिलनर यांनी एकदा त्यांना 584 हा आकडा लक्षात ठेवायला सांगितला. मोलेझन यांनी तो सुमारे पंधरा मिनिटं धरून ठेवला. कसा, तर मनातल्या मनात गणित करत: आठ लक्षात ठेवायचे, तिन्ही आकड्यांची बेरीज 17, त्यातून आठ गेले नऊ, नवाचे दोन भाग पाच आणि चार, झाले 584. लक्ष दुसरीकडे वळलं आणि मिनिटाभरात आकडा गेला; आकडा विचारला होता हेसुद्धा गेलं. याच माणसाला आरशात बघत चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात बसत गेला. तिसऱ्या दिवशी सराईतपणे गिरवत असतानाही, हे आपण पूर्वी केलं आहे याचा त्यांना पत्ता नव्हता.

यातून दोन गोष्टी पक्क्या कळल्या. मनात क्षणभर धरणं, नवी घटना टिकवणं आणि हाताला सवय लागणं ही मेंदूची तीन स्वतंत्र कामं आहेत. आणि नवी घटना टिकवायला हिप्पोकॅम्पस लागतो, पण ती मुरली की तिचा भार हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरांवर जातो, म्हणून जुन्या गोष्टी बऱ्याच प्रमाणात वाचतात. तुमच्या आईच्या बाबतीत तुम्ही हे पाहिलं असणार. अल्झायमरची पडझड हिप्पोकॅम्पसच्या शेजारूनच सुरू होते. त्यामुळे सकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नाही, पण माहेरच्या विहिरीची हकीकत सविस्तर सांगता येते. घरच्यांना वाटतं, 'जुनं सगळं आठवतंय म्हणजे स्मरणशक्ती चांगलीच आहे की!' या समजापायी तपासणी लांबते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढे पुढे जुनंही जातं.

तुमची पावकी टिकण्याला आणखी एक कारण आहे, ते मुलाच्या प्रश्नात सांगते.

नावांचं दुखणं तुमचं एकटीचं नाही. 1987 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी एक साधी गोष्ट केली: अनोळखी चेहरे दाखवले आणि त्यांची आडनावं आणि व्यवसाय शिकवले. काही शब्द असे निवडले की ते आडनावही होऊ शकतील आणि व्यवसायही. तोच शब्द व्यवसाय म्हणून सांगितला तर लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तर निसटला. आपल्याकडे हे सहज पटेल. 'हा सुतार आहे' म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, घरी दार बसवायला आलेला माणूस, एवढं सगळं त्या चेहऱ्याला चिकटतं. 'हे सुतार' म्हटलं तर काहीच चिकटत नाही. ते विमा एजंट असतील किंवा शिक्षक. नाव हे चेहऱ्याशी एकाच बारीक धाग्याने बांधलेलं असतं. तो धागा क्षणभर सुटला की माणसाचं गाव, त्याचं खातं, मुलीचं लग्न, सगळं आठवतं आणि नाव तेवढं नाही. अशा वेळी पहिलं अक्षर किंवा नाव किती अक्षरी आहे हे बऱ्याचदा सांगता येतं. ब्राउन आणि मॅकनील यांनी 1966 मध्येच ते दाखवून दिलं होतं. म्हणजे नाव आत आहे, वाट सापडत नाही एवढंच. चाळिशी-पन्नाशीनंतर हे वाढतं. संध्याकाळी भाजी निवडताना नाव आपोआप आलं, तर ती काळजीची गोष्ट अजिबात नाही. नाव पक्कं करायचं असेल तर त्याला मुद्दाम दुसरा धागा जोडा: याच नावाची शाळेतली मैत्रीण, किंवा त्या माणसाने पहिल्या भेटीत सांगितलेलं काही.

चौथा प्रकार, म्हणजे आठवण बदलून येणं, तुम्ही विचारलेला नाही. विचारत सहसा कुणीच नाही, कारण तो होतो तेव्हा कळत नाही. आठवण म्हणजे डब्यात भरून ठेवलेली आमटी नव्हे. दर वेळी नव्याने फोडणी पडते आणि हाताशी असेल तो मसाला त्यात जातो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये लोकांना मोटार अपघाताच्या फिती दाखवल्या. गाड्या एकमेकींवर 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारल्यावर लोकांनी जास्त वेग सांगितला. एकमेकींना 'लागल्या' असं विचारल्यावर कमी. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्यांपैकी जास्त जणांना ती 'दिसली' होती. फितीत काच फुटलेली नव्हतीच.

ठसठशीत आठवणीही यातून सुटत नाहीत. 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, तेव्हा काय करत होता. अडीच-तीन वर्षांनी त्याच विद्यार्थ्यांना तेच विचारलं. 44 जणांपैकी 11 जणांची हकीकत पहिल्या हकीकतीशी कुठेच जुळेना, आणि त्यांतले कित्येक ठामपणे बोलत होते. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवला तरी मूळ आठवण परत आली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण कुठे होतो हे मराठवाड्यातली माणसं अगदी बारकाव्यांनिशी सांगतात. त्यांना भूकंप खरोखरच लक्षात आहे, पण बारकाव्यांपैकी काही नंतर ऐकलेले, वर्तमानपत्रात पाहिलेले असू शकतात. सांगणारा खोटं बोलत नसतो. घरात 'तू असं म्हणालीच नव्हतीस' वरून भांडणं होतात तेव्हा दोघंही बहुतेक वेळा प्रामाणिक असतात, हे मी जोडप्यांना आवर्जून सांगते.

अजिबात विसरायला झालं नसतं तर बरं झालं असतं, असंही समजू नका. रशियातले सोलोमन शेरेशेव्हस्की यांच्या लक्षात आकड्यांचे तक्ते वर्षानुवर्षं राहत. पण ओळखीचे चेहरे ओळखणं त्यांना अवघड जाई, कारण भाव बदलला की तो चेहराच त्यांना वेगळा वाटे. आणि नको ते विसरायचं कसं, याच्या युक्त्या त्यांना शोधाव्या लागल्या.

आता मुलाचं. बारकाईने वाचा, कारण इथे तुम्ही खरोखर काही करू शकता.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवर प्रयोग करून 1885 मध्ये विसरण्याचा वेग मोजला. अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या तो पाठ करायचा आणि ठरावीक काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी श्रम लागतात ते बघायचा. तासाभरात निम्म्याहून जास्त फायदा गेलेला असे, दिवसाने तिसरा हिस्सा उरे आणि महिन्याने साधारण पाचवा. घसरण सुरुवातीला जोरात होते, मग मंदावते. अर्थ लागलेली गोष्ट याहून बरीच जास्त टिकते, पण सुरुवातीची ती घसरण तिलाही चुकत नाही.

मुलगा काय करतो? तोच धडा तीन-चारदा वाचतो, हायलायटर फिरवतो, आणि ओळी ओळखीच्या वाटल्या की 'आलं' म्हणतो. ओळखता येणं आणि आठवता येणं यांत फार अंतर आहे, आणि पेपरात आठवता येणंच लागतं. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये एक प्रयोग केला. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत पुस्तक न बघता आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना 61 टक्के. आपल्याला जास्त आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. तुमच्या मुलाचा रात्री दोन वाजताचा आत्मविश्वास आणि पेपरातला गोंधळ, दोन्हींचं उत्तर इथे आहे.

तुमच्या आजोबांनी नेमकं हेच केलं होतं. दिवेलागणीला परवचा म्हणायचा, पुस्तक न बघता, मोठ्याने, चुकलं की तिथेच दुरुस्त करून, रोज, वर्षानुवर्षं. डोक्यातून बाहेर काढण्याचा सराव आणि दोन सरावांमध्ये अंतर, हे दोन्ही त्यात होतं. पाठांतराला नावं ठेवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की न समजता घोकणं वाईट, पण ही पद्धत समजलेल्या गोष्टीला लावली तर तिच्या तोडीचं मला तरी दुसरं काही माहीत नाही. मुलाला सांगा: धडा एकदा समजून वाच, पुस्तक मीट, कोऱ्या पानावर आठवेल ते लिही, मग पुस्तक उघडून काय राहिलं ते बघ. तेच उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग पुढच्या आठवड्यात. पहिल्या दिवशी त्याला हे फार जड जाईल आणि 'मला काहीच येत नाही' म्हणून चिडेल. तेव्हा त्याच्या पाठीशी उभ्या राहा. आठवायला श्रम पडतात तेव्हाच ते पक्कं होत असतं.

आणि त्याला झोपवा. झोपेत, विशेषतः गाढ झोपेत, हिप्पोकॅम्पस दिवसभराच्या गोष्टींची उजळणी करतो. 1994 मध्ये विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांमध्ये दाखवलं, की जागेपणी वाटा धुंडाळताना ज्या पेशी एकत्र जाग्या झाल्या त्याच झोपेतही एकत्र जाग्या होतात. दोन वाजेपर्यंत जागून सहाला उठणारा मुलगा आपल्याच अभ्यासावर पाणी फिरवत असतो. पेपर हातात आल्यावर डोकं कोरं होतं त्यात ताणाचाही हात असतो: ताणामुळे वाढणारं कॉर्टिसोल आठवण्याच्या वाटेत आडवं येतं. घरी घड्याळ लावून, टेबलावर बसून, अनोळखी प्रश्नपत्रिका सोडवून पाहिल्या की ते बरंच ओसरतं.

शेवटी आजाराचं. तपासताना मी काय करते ते सांगते. काही शब्द देते, समजा कारलं, बासरी, पितळ, टोपी, पारिजातक. मग दुसऱ्या कामात गुंतवते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विचारते. कुणी म्हणतं, 'तीन आठवतात, दोन नाही.' मी सुचवते, 'एक भाजी होती.' लगेच, 'हो, कारलं!' म्हणजे शब्द आत होता. असं बहुतेक वय, ताण, अपुरी झोप किंवा नैराश्य यांत दिसतं. दुसरा माणूस भाजी म्हटल्यावरही गप्प राहतो, चार भाज्यांची नावं घेतली तरी भलतीच निवडतो, किंवा शांतपणे म्हणतो, 'तुम्ही शब्द दिलेच नव्हते.' तिथे मी सावध होते, कारण शब्द मुळात टिकलाच नाही. एका चाचणीवर निदान होत नाही, पण सुचवल्यावर येतं की नाही हा फरक मोलाचा आहे, आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक प्रसंगात तुम्हाला नंतर आठवलेलं आहे.

चिंतेच्या खुणा निराळ्या असतात: तोच प्रश्न तासाभरात चार वेळा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, वर्षानुवर्षं केलेला पदार्थ मध्येच अडणं, पैशांच्या व्यवहारात नव्याने घोळ, आणि हे सगळं काही महिन्यांत वाढत जाणं. बऱ्याचदा काळजी घरच्यांना असते, त्या माणसाला नसते. तुमच्याकडे उलट आहे.

तुमच्या वयात मासिक पाळी जाण्याच्या आसपास विसरभोळेपणाची तक्रार फार बायका करतात. रात्री घाम येऊन झोपमोड होते हेही त्याचं एक कारण आहे. बहुतेकींत ते पुढे निवळतं. तपासण्यांत बी-12 आणि थायरॉईड करून घ्या. बी-12 ची कमतरता आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, खूप आढळते. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तरीही ती होते. वेळेत सापडली तर औषधाने भरून निघते. सर्दी-ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्या किंवा अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा; त्याही स्मृती मंद करतात. झोपेची गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नका.

आईला सत्तरीनंतर अल्झायमर झाला म्हणजे तुम्हाला होणारच, असं नाही. तुमचा धोका इतरांपेक्षा काहीसा जास्त आहे, हे खरं. पिढ्यान्‌पिढ्या हमखास उतरणारा प्रकार अगदी थोड्या घराण्यांत असतो आणि तो सहसा साठीच्या आत डोकं वर काढतो. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं, रोज चालणं, ऐकू कमी येऊ लागलं तर लाजून न बसता श्रवणयंत्र लावणं, याने धोका कमी होतो, आणि यातलं बरंचसं पन्नाशीतच सुरू करायचं असतं.

रिपोर्ट नीट आले आणि तरीही सहा महिन्यांत फरक वाटला नाही, किंवा वर लिहिलेल्या खुणांपैकी एखादी दिसली, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. जाताना रोज तुमच्यासोबत राहणारं कुणीतरी बरोबर न्या. काय विसरलं जातं हे विसरणाऱ्यापेक्षा त्यालाच जास्त नीट सांगता येतं.